ज्याँ रेन्वारचं अख्खं करिअर घरी कसं पाहायचं, टीव्हीवालं कामही धरून

एखाद्या डायरेक्टरचं सगळं काम पाहायचं ठरवलं की आपण काय करतो, नेटवरची टॉप टेन यादी काढतो, पहिल्या नंबरची फिल्म लावतो, ती डोक्यावरून गेली की दुसरी लावतच नाही आणि यादी मोबाईलमध्ये तशीच पडून राहते. फ्रान्सच्या ज्याँ रेन्वारच्या बाबतीत तर हमखास असंच होतं, कारण सगळ्या याद्यांमध्ये वर असते 'रूल्स ऑफ द गेम', आणि ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला अर्ध्या तासात कळेनासं होतं की कोण कोणाची बायको आणि कोण कोणाच्या मागे आहे. त्या फिल्मचा यात काही दोष नाही, ती चुकीच्या जागी लागली एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे या याद्या बहुतेक १९३९ ला येऊन थांबतात. माणूस त्यानंतर तीस वर्षं काम करून राहिला होता, अमेरिकेत, भारतात, इटलीत, परत फ्रान्समध्ये आणि शेवटी टीव्हीसाठी, आणि ते सगळं उतारवयातलं किरकोळ काम म्हणून बाजूला टाकतात. मला हे पटत नाही. रेन्वारला आयुष्यभर एकच गोष्ट पाहिजे होती, नटाला मोकळं सोडायचं, त्याचं काम तुकड्या तुकड्यात तोडायचं नाही. आवाज आला तेव्हा त्यानं तो त्यासाठी वापरला, कॅमेऱ्यात मागच्या खोलीतलंही स्पष्ट दिसायला लागलं तेव्हा ते त्यासाठी वापरलं, आणि १९५९ मध्ये टीव्हीचे अनेक कॅमेरे हाती आले तेव्हा तेही त्याच कामाला लावले. हा धागा धरून पाहिलं तर पंचेचाळीस वर्षांचं काम विस्कळीत वाटत नाही, आणि टीव्हीवालं काम सोडलं तर धागा अर्ध्यात तुटतो. म्हणून आपल्या नागपुरात, घरच्या हॉलमध्ये, चार-सहा जण मिळून हे सगळं कसं पाहता येईल ते सांगतो.

सगळ्यात आधी एक वही घ्या, मोबाईलमधली नोट नको, वहीच. प्रत्येक फिल्मला अर्धं पान द्यायचं आणि त्यात साल, देश, पैसा कोणाचा होता, नट कोण आणि त्या फिल्ममध्ये नवीन साधन काय होतं एवढंच लिहायचं. 'पैसा कोणाचा' हा रकाना लोक सोडून देतात पण तोच सगळ्यात जास्त शिकवतो. 'ग्रँड इल्युजन' आज जगात गाजलेली फिल्म आहे पण तिच्यासाठी निर्माता मिळायला रेन्वारला भरपूर फिरावं लागलं. भारतात केलेल्या 'द रिव्हर'चा निर्माता केनेथ मॅकएल्डाउनी हा लॉस एंजलिसचा फुलांचा धंदा करणारा माणूस होता, फिल्मलाईनचा नव्हताच. टीव्हीसाठी केलेल्या 'डॉक्टर कॉर्दलिए'मध्ये फ्रान्सच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचा हात होता. हे तीन रकाने शेजारी शेजारी आले की माणूस कुठे मोकळा होता आणि कुठे हात बांधलेले होते ते आपोआप दिसतं.

पहिल्या दिवशी फिल्म लावण्याआधी त्याच्या आयुष्याचं थोडक्यात सांगून टाका, पाच मिनिटं पुरे. जन्म १५ सप्टेंबर १८९४, पॅरिसचा मोंमार्त्र भाग, बाप म्हणजे चित्रकार ओग्युस्त रेन्वार. पहिल्या महायुद्धात पायाला गोळी लागली आणि तो जन्मभर थोडा लंगडत चालला. सुरुवातीला मातीची भांडी बनवायचा. बापाची शेवटची मॉडेल होती तिच्याशी लग्न केलं, आणि तिला पडद्यावर आणायचं म्हणून फिल्मकडे वळला. १९२६ ची 'नाना' ही मोठ्या खर्चाची मूकफिल्म पडली आणि कर्ज फेडायला बापाची चित्रं विकावी लागली. एवढं सांगा आणि थांबा, बाकीचं फिल्म सांगतात.

आता क्रम, आणि इथे माझं मत जरा वेगळं आहे. सुरुवात करा 'द सदर्नर'नं, १९४५ ची, अमेरिकेत केलेली. कोणी सांगणार नाही इथून सुरुवात करा म्हणून, पण विदर्भातल्या माणसासाठी याच्यापेक्षा सरळ दरवाजा नाही, कारण ही फिल्म कापसाच्या शेतकऱ्याची आहे. टेक्सासमधला सॅम टकर, दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं कापूस वेचणारा. सुरुवातीलाच वेचणी चाललेली असताना त्याचा म्हातारा काका ओळीतच कोसळतो आणि मरता मरता सांगतो की स्वतःची शेती कर. मग सॅम बायको, दोन पोरं आणि कटकट करणाऱ्या आजीला घेऊन एका पडीक जमिनीवर येतो, घर म्हणजे पडकी झोपडी, विहिरीची सोय नाही, पाण्यासाठी शेजाऱ्याकडे जावं लागतं आणि शेजारी असा की त्याला यांचं भलं पाहवत नाही. पोराला भाजीपाला आणि दूध न मिळाल्यानं आजार होतो. पीक उभं राहतं, बोंडं फुटतात, आणि मग पाऊस येतो. ज्याच्या घरात कोणी शेती केली आहे त्याला पावसानंतरच्या त्या शेताचा सीन समजावून सांगायची गरज पडत नाही. माझा अनुभव असा की ज्यांना 'आर्ट फिल्म' म्हटलं की झोप येते ती काका मंडळीही इथे सरसावून बसतात आणि फिल्म संपल्यावर कापसाच्या भावाबद्दल, बटईच्या शेतीबद्दल बोलायला लागतात. या फिल्मसाठी रेन्वारला उत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर नामांकनही मिळालं होतं, पण ते नंतर सांगा, आधी नाही. संवाद इंग्रजी आहेत त्यामुळे सबटायटलची अडचणही कमी.

दुसरी लावा 'द रिव्हर', १९५१. बंगालमध्ये हुगळीच्या काठी शूट झाली, रंगीत, टेक्निकलर. कॅमेऱ्यावर त्याचा पुतण्या क्लोद रेन्वार. निगेटिव्ह धुवायला लंडनला जायची, त्यामुळे आज काढलेलं कसं आलं हे कळायला बरेच दिवस लागायचे. ही फिल्म पाहताना सुरुवातीला लक्ष द्या, जमिनीवर तांदळाच्या पिठानं हातानं काढलेली रांगोळी दिसते, आणि मग आख्ख्या फिल्मभर नदी, नावा, दिवाळी, होळी असं चालत राहतं, गोष्ट मात्र एका इंग्रज घरातल्या मुलीची आणि पाय गमावलेल्या एका अमेरिकन सैनिकाची. तो सैनिक केलेल्या थॉमस ब्रीननं युद्धात खरंच पाय गमावला होता, आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूसही युद्धातून लंगडत आलेला, हे माहीत असलं की त्या सैनिकाचे चिडण्याचे सीन वेगळे दिसतात. फिल्ममधल्या मेलनी नावाच्या मुलीचं काम केलेली राधा श्रीराम म्हणजे पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झालेल्या राधा बर्निए, तिचं भरतनाट्यम फिल्ममध्ये आहे आणि ते रेन्वारनं तिला पुरतं करू दिलं आहे, मध्येच कापून टाकलं नाही. वहीत हे लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

या फिल्मच्या निमित्तानं काय काय घडलं तेही सांगण्यासारखं आहे. १९४९ मध्ये रेन्वार कलकत्त्यात जागा शोधायला आला तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करणारे सत्यजित राय त्याच्यासोबत लोकेशन पाहत फिरले. सुब्रत मित्र नावाचा पोरगा शूटिंगवर येऊन लाईट कसे लावले याची चित्रं आणि टिपणं काढत बसायचा, तो पुढे रायचा कॅमेरामन झाला. बन्सी चंद्रगुप्त यांनी कला विभागात काम केलं, ते रायचे कलादिग्दर्शक झाले. १९५५ ला 'पाथेर पांचाली' आली त्यात ही तिघंही होती. कोणाला रेन्वार कशाला पाहायचा असा प्रश्न पडला तर एवढं सांगितलं तरी भागतं.

आता मागे जा, तीसच्या दशकात. इथे 'ग्रँड इल्युजन' आधी, १९३७. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी जर्मन छावणीत. या फिल्ममधला एक सीन दोनदा पाहा, म्हणजे फिल्म संपल्यावर परत लावून पाहा. छावणीत नाटक बसवायचं आहे म्हणून कपड्यांची पेटी येते, कैदी ती उघडतात, बायकांचे कपडे निघतात, पुरुष हसतात, हल्ली बायका केस आणि झगे आखूड करतात म्हणे अशा गप्पा चालतात. एक तरुण सैनिक गंमत म्हणून झगा आणि विग घालायला आत जातो. तो बाहेर येतो आणि एक एक करत सगळे गप्प होतात. कोणी काही करत नाही, कॅमेरा हळूहळू त्या उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून सरकतो, कितीतरी महिने बाई न पाहिलेली माणसं, आणि तो पोरगा बिचारा मध्ये उभा. कोणाचाही मोठा क्लोजअप नाही, वाजंत्री नाही. दुसऱ्यांदा पाहताना हे मोजा की हा सीन किती कमी वेळा तुटतो. रेन्वार म्हणजे काय हे दहा पानं वाचून कळणार नाही ते इथे कळतं.

या फिल्मची प्रिंटही पाहण्यासारखी आहे. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला ही फिल्म अजिबात खपत नव्हती, मूळ निगेटिव्ह जर्मन घेऊन गेले, तिथून ती रशियनांच्या हाती मॉस्कोत पोचली, तिथून फ्रान्समध्ये तुलूझला परत आली आणि तिथे कोणाच्या लक्षात न येता पडून राहिली, नव्वदच्या दशकात ती ओळखली गेली. त्यामुळे आजच्या रिस्टोअर केलेल्या प्रिंटमध्ये जे स्वच्छ दिसतं ते कितीतरी वर्षं कोणाला दिसत नव्हतं. म्हणून कुठलीही जुनी खराब अपलोड लावू नका, रिस्टोअर केलेलीच शोधा.

मग 'रूल्स ऑफ द गेम', १९३९. हिच्यासाठी तयारी लागते. एका कागदावर दोन मजले काढा, वर मालक लोक, खाली नोकर. वर मार्की ला शेने, त्याची बायको क्रिस्तीन, त्याची जुनी मैत्रीण जनव्हिएव्ह, क्रिस्तीनच्या प्रेमात असलेला वैमानिक झ्युरिए, आणि सगळ्यांचा दोस्त ऑक्ताव्ह, जो खुद्द रेन्वारनं केला आहे. खाली मोलकरीण लिझेत, तिचा नवरा शुमाखेर जो शिकारीच्या जंगलाचा राखणदार आहे, आणि चोरून ससे पकडणारा मार्सो. हा कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवून ठेवा, कोणी गोंधळलं की कागदाकडे पाहील, फिल्म थांबवायची गरज नाही. शिकारीचा सीन येतो तेव्हा घरात लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा, प्राणी खरंच मरतात.

जुलै १९३९ ला ही लागली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारून, ओरडून पाडली, रेन्वारनं घाबरून कापली, मग युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं बंदी घातली, आणि पुढे दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात निगेटिव्ह गेली. पन्नासच्या दशकात दोन चाहत्यांनी सापडतील ते तुकडे जमवून रेन्वारच्या संमतीनं ती परत जोडली आणि १९५९ ला व्हेनिसमध्ये दाखवली. तीच आजची १०६ मिनिटांची. तुमच्याकडची फिल्म दीड तासाच्या आतच संपत असेल तर ती कापलेली आहे, लावू नका.

या दशकातल्या बाकीच्यांमधून मी 'बूदू' आणि 'पार्ती द कांपान्य' या दोन घ्यायला सांगीन. दुसरी तर पाऊण तासाचीही नाही, १९३६ ला शूट झाली, पावसानं आणि पैशानं अडली, १९४६ ला लोकांसमोर आली, आणि तिच्यावर सहायक कोण होते पाहा, पुढे स्वतः मोठे डायरेक्टर झालेले जाक बेकर आणि लुकिनो व्हिस्कोंती, आणि फोटोग्राफर म्हणून गाजलेला आंरी कार्तिए-ब्रेसाँ. वेळ असला तर 'तोनी' आणि 'मस्ये लांज'ही, नसला तर पुढे चला.

आता खोलीची व्यवस्था, कारण अर्धी मजा इथे जाते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कुलरशिवाय बसणं शक्यच नाही आणि कुलरच्या आवाजात १९३० च्या दशकातला साऊंड ऐकू येत नाही, तो आधीच एका चॅनेलचा, खरखरणारा. म्हणून कुलर दोन तास आधी लावून खोली थंड करून घ्या, फिल्म सुरू झाली की स्पीड सर्वात कमी, आणि स्पीकर पडद्याच्या बरोबर खाली समोर ठेवा, बाजूला नाही. ब्लूटूथ स्पीकर टाळाच, आवाज ओठांच्या मागे राहतो आणि फ्रेंच येत नसलं तरी ते डोळ्याला खुपतं, साधी वायर लावा. रात्री आठनंतरच बसा, त्याआधी पडदा लावला तरी उजेड आत येतोच. नोव्हेंबर ते जानेवारी असेल तर मग गच्चीवर पांढरी चादर आणि प्रोजेक्टर, त्यासारखं काही नाही, फक्त गरम कपडे आणा म्हणून सगळ्यांना सांगून ठेवा, अंबाझरी-फुटाळा तलावांकडे राहत असाल तर जास्तच.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधीच करून घ्या. एक, चित्र ताणून फुल स्क्रीन करू नका. या फिल्म जवळजवळ चौकोनी आहेत, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येणारच, त्या येऊ द्या, ताणलं की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि झूम केलं की डोकी कापली जातात. रेन्वारमध्ये तर फ्रेमच्या कडेला, मागच्या दारात, काहीतरी चालू असतंच, ते गेलं तर मग काय पाहणार. दोन, नवीन टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असते ती बंद करा, तिच्यानं जुनी फिल्म सिरियलसारखी दिसते.

डिस्क मागवायची असली तर रीजन पाहा, भारताचा डीव्हीडीचा रीजन ५ आणि ब्लूरेचा सी, अमेरिकेची डिस्क १ आणि ए असते, सगळ्या रीजनचा प्लेअर नसला तर पैसे वाया. घरी मित्रांसोबत पाहणं वेगळं आणि हॉल घेऊन, तिकीट लावून दाखवणं वेगळं, दुसऱ्यासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते, ती आधी घ्या.

सबटायटलचं असं करा. आपल्यात एक-दोन जण असतातच ज्यांना इंग्रजी वेगानं वाचता येत नाही पण ते सांगायला लाजतात. प्रत्येक फिल्मच्या आधी अर्ध्या पानात गोष्ट मराठीत लिहून वाचून दाखवा, शेवटासकट. हो, शेवटासकट. रेन्वारच्या फिल्ममध्ये पुढे काय होणार यापेक्षा कसं होतं हे पाहायचं असतं, आणि एकदा गोष्ट माहीत असली की माणूस खालच्या ओळी सोडून चेहरे पाहायला लागतो. फिल्म चालू असताना मात्र कोणी बाजूवाल्याला समजावून सांगायचं नाही, हा नियम कडक ठेवा.

पन्नासच्या दशकातल्या तीन रंगीत फिल्म आहेत, 'गोल्डन कोच', 'फ्रेंच कॅनकॅन' आणि 'एलेना'. 'गोल्डन कोच' इंग्रजीतलीच पाहा, ती इंग्रजीत शूट झाली आणि रेन्वारलाही तीच आवडायची, फ्रेंच आणि इटालियन डब आहेत. आना मान्यानी त्यात फिरत्या नाटक मंडळीतली नटी आहे. 'कॅनकॅन'चा शेवटचा नाच मोठ्या आवाजात पाहा, कुलर पूर्ण बंद करून.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी एवढं लिहून राहिलो, टीव्ही. १९५८ मध्ये रेन्वार आणि इटलीचा डायरेक्टर रोसेलिनी या दोघांना बसवून समीक्षक आंद्रे बाझँ यांनी सिनेमा आणि टीव्हीवर मुलाखत घेतली होती, तेव्हा फ्रान्समधले बरेच फिल्मवाले टीव्हीला शत्रू समजत होते आणि हे दोघं उत्साहानं बोलून राहिले होते. पुढच्याच वर्षी रेन्वारनं 'डॉक्टर कॉर्दलिए' केली, स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाईडची, म्हणजे एकाच डॉक्टरच्या चांगल्या आणि दुष्ट अशा दोन रूपांची गोष्ट, त्याच्या काळातल्या पॅरिसमध्ये आणलेली. पद्धत अशी की आधी नाटकासारख्या तालमी, आणि मग शूटिंगला एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून सीन सलग घ्यायचा. म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या नटासारखं, एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, कोणी कट म्हणून हात धरणार नाही. नटाला कुठला कॅमेरा आपल्याला घेऊन राहिला याचा विचारच करायची गरज नाही, तो फक्त आपलं काम करतो.

ही फिल्म प्रोजेक्टरवर लावू नका. टीव्हीवर लावा, खोलीतला एखादा दिवा चालू ठेवून, जेवण झाल्यावर, घरातल्या सगळ्यांना बसवून, जशी दूरदर्शनवर रविवारची फिल्म पाहायचो तशी. कारण ती तशी पाहायला बनवली आहे. सुरुवातीला खुद्द रेन्वार टीव्हीच्या इमारतीत येतो, आत जातो, कॅमेऱ्यासमोर बसतो आणि आपल्याला गोष्ट सांगायला लागतो. मोठ्या पडद्यावर ते जरा परकं वाटतं, घरच्या टीव्हीवर असं वाटतं की तो माणूस आपल्यालाच सांगून राहिला.

मग ओपाल येतो, म्हणजे डॉक्टरचं दुसरं रूप, ज्याँ-लुई बारो. त्याचं चालणं पाहा. मेकअपपेक्षा चालण्यावर लक्ष ठेवा. कपडे त्याला दोन साईझ मोठे, खांदे मध्येच उडतात, हातातली काठी फिरते, पाऊल सरळ पडतच नाही, आणि पॅरिसच्या साध्या रस्त्यावर, साध्या उजेडात हा प्राणी चालत जातो. अंधारात एका लहान मुलीवर तो हल्ला करतो तो सीन लांबून, पूर्ण शरीर दिसेल असा आहे. बारो मूकाभिनयात मुरलेला नट, त्याचं सगळं अंग बोलतं, आणि ते अंग तोडलं असतं तर उरलं काय असतं. इथे वही काढा आणि 'द रिव्हर'मधल्या नाचाची नोंद, 'इल्युजन'मधल्या झग्याच्या सीनची नोंद आणि ही नोंद शेजारी ठेवून वाचा. दोन देश, तीन प्रकारची साधनं, तोच माणूस.

लगेच मान मिळाला असं झालं नाही. टीव्हीसाठी बनवलेली गोष्ट थिएटरातही येणार म्हटल्यावर सिनेमावाले भडकले, भांडण लांबलं आणि १९५९ ला व्हेनिसला दाखवलेली फिल्म फ्रान्सच्या लोकांसमोर यायला १९६१ उजाडलं. आपल्याकडे 'तमस' किंवा 'भारत एक खोज' टीव्हीवर आलं तेव्हा फिल्मचा माणूस टीव्हीकडे गेला म्हणून कोणी नाक मुरडलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला हे भांडण समजायला जरा वेळ लागतो, पण त्या काळी फ्रान्समध्ये ते खरं होतं. १९५९ मध्येच त्यानं 'देज्युने स्यूर लेर्ब'ही केली, अनेक कॅमेऱ्यांची तीच पद्धत, पण रंगीत आणि दक्षिण फ्रान्सच्या काग्न गावातल्या बापाच्या जागेवर, ऑलिव्हच्या झाडांमध्ये. गोष्ट एका मोठ्या शास्त्रज्ञाची आणि एका शेतकऱ्याच्या पोरीची, आणि तीही टीव्हीवरच्या कार्यक्रमानं सुरू होते. कॉर्दलिएच्या दुसऱ्याच दिवशी ही लावा, अंधारानंतर ऊन.

नाटकात काम करणारे कोणी ग्रुपमध्ये असतील, आणि नागपुरात ते असतातच, तर १९६८ ची एक छोटी फिल्म शोधा, रेन्वार नटाला कसा शिकवतो त्याची, 'ला दिरेक्स्याँ दाक्तर'. अर्ध्या तासाचीही नाही. समोर जिझेल ब्रॉनबर्जे बसली आहे आणि रेन्वार तिला संवाद वाचायला लावतो, पण एकही भाव न आणता, अगदी सपाट, टेलिफोन डिरेक्टरी वाचल्यासारखं. ती जरा सूर लावायला गेली की थांबवतो, परत सपाट. असं करत करत भाव आतून कधी आला ते कळत नाही. हे पाहून झालं की तुम्ही पण करा, कुठल्याही मराठी नाटकाचं एक पान घ्या, दोघांनी समोरासमोर बसून चार-पाच वेळा सपाट वाचा, मग सोडा. आमच्याकडे एकांकिकेच्या स्पर्धा करणारी पोरं होती, त्यांना पहिल्या ओळीलाच सूर लावायची सवय, त्यांना हे फार कठीण गेलं आणि नंतर त्यांनीच तालमीत सुरू केलं.

शेवटची 'ले पती तेआत्र्', टीव्हीसाठी, १९७० ला दाखवली. छोट्या छोट्या गोष्टी, प्रत्येकीच्या आधी रेन्वार एका खेळण्यातल्या रंगमंचाशेजारी उभा राहून ओळख करून देतो, मध्ये नटी ज्यान मोरो एक जुनं गाणं म्हणते. फरशी पॉलिश करायच्या मशीनच्या प्रेमात पडलेल्या बाईची गोष्ट काहींना अजिबात आवडत नाही, ती गाण्यातून सांगितली आहे आणि जोरात आहे, कोणी उठून चहा टाकायला गेलं तर जाऊ द्या, पण शेवटच्या गोष्टीच्या आत बोलवा. त्यानंतर त्यानं फिल्म केली नाही, १९७५ ला सन्मानाचं ऑस्कर मिळालं आणि १२ फेब्रुवारी १९७९ ला बेव्हर्ली हिल्सला गेला.

याच्या पुढे ज्याला जायचं असेल त्यानं १९६७ चा फ्रेंच डायरेक्टर जाक रिव्हेतनं केलेला रेन्वारवरचा टीव्ही कार्यक्रम पाहावा, तीन भागांत आहे, त्यात म्हातारा रेन्वार मिशेल सिमाँसारख्या जुन्या सोबत्याशी गप्पा मारतो. हा सगळ्या फिल्म पाहून झाल्यावरच पाहा, आधी पाहिला तर नुसती नावं कानावरून जातात. आणि वाचायचं असलं तर त्यानं बापावर लिहिलेलं १९६२ चं पुस्तक आधी, आत्मचरित्र नंतर. आठवड्याला एक फिल्म धरली तर सगळं तीन-चार महिन्यांत होतं. मार्चमध्ये सुरू करत असाल तर 'कॅनकॅन' मात्र पावसाळ्यावर ढकला, कुलर बंद करून ती मेमध्ये कोणाच्यानं पाहवणार नाही.